आपल्या माणसाची बदली

मावशीने पाकीट सुरीने नीट कापलं, आतला कागद काढला आणि न वाचताच थोरल्याच्या हातात दिला.

"मोठ्याने वाच. धाकट्याचंच असणार."

थोरल्याने घडी उलगडली. कागद जाड होता, चांगल्यातला. असल्या कागदावर कुठलं पत्र जातं हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने वाचायला सुरुवात केली, कारण मावशी समोर हात मांडीवर घेऊन बसली होती.

"आपल्या माणसाची बदली झाली आहे. पत्ता ठरल्यावर कळवण्यात येईल. काळजी नसावी."

एवढंच. खाली शिक्का.

मावशी हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"अरे, हे तर आपलंच वाक्य!"

होतं खरं त्या दोघांचंच. थोरला पत्रखात्यात मसुदे लिहायचा. खात्याची रीत अशी, की लोकांना जाणारं कुठलंही वाक्य आधी घरी न्यायचं आणि एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडला, की वाक्य नापास. ऐकणारा 'बरं' म्हणून आपल्या कामाला लागला, की पास. त्यासाठी एक छापील फॉर्म होता आणि त्यात 'ऐकणाऱ्याने नंतर काय केले' असा रकानाही होता. 'दूध उतू जातंय का बघायला उठल्या,' असं थोरल्याने त्यात कितीतरी वेळा भरलं होतं. साहेब म्हणायचे, तुझी मावशी म्हणजे खात्याचा ठेवा आहे बाबा.

आई गेल्यावर याच मावशीने त्याला आपल्या मुलाबरोबर वाढवलं. एकाला थोरला म्हटलं, एकाला धाकटा, आणि माझं-तुझं कधी केलं नाही. पुढे थोरला खात्यात लागला. धाकटा शाळेत भूगोल शिकवायला लागला, आणि नकाशावरून पुसलेल्या गावांची नावं त्याने वर्गात मुलांना सांगितली. दोन महिन्यांपूर्वी त्याला नेलं, तेव्हा घरात कुणी 'अटक' म्हटलं नाही. तो शब्द चार वर्षांपूर्वीच वापरातून गेला होता. विचारपूस करायला नेलंय, असं सगळे म्हणाले. मावशीही तसंच म्हणाली.

विचारपूस करताना जे दगावत, त्यांच्या घरच्यांना काय लिहायचं, हा प्रश्न खात्यापुढे त्याच्या दोन-अडीच वर्षं आधीच आला होता. ते काम थोरल्याकडे दिलं. त्याने लिहिलं, 'आपल्या व्यक्तीची बदली झाली आहे,' आणि सकाळी चहाच्या वेळी वाचून दाखवलं. मावशी मटार सोलत होती.

"व्यक्ती काय रे? दवाखान्यातल्या पाटीसारखं वाटतं. आपल्या माणसाची म्हण. वाचणाऱ्याच्या जिवाला बरं वाटेल."

त्याने खोडून 'माणसाची' केलं. तिने विचारलं, हे कुणाला पाठवता? लांब कामावर पाठवलेल्यांच्या घरी, असं तो पापणीही न लववता म्हणाला. वाक्य पास झालं, साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला. मसुदे त्याचे, पण नावं खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर घातली जात. कुठलं पाकीट कुणाच्या दारी जाणार, हे त्याला कधी दिसत नसे. तेही त्याच्या पथ्यावरच पडलं होतं.

मावशी तोवर कपाटापाशी पोचली होती. तिने धाकट्याचा लोकरीचा स्वेटर काढला आणि कोपराशी उसवलाय का ते उजेडात धरून पाहू लागली.

"थंडीचा मुलूख असला तर? पत्ता येईल तेव्हा पार्सल तयार असलेलं बरं. आणि खाली शिवणवालीला सांगून येते. तिलाही जरा धीर येईल."

शिवणवाली तळमजल्यावर राहायची. तिच्या नवऱ्याची बदली होऊन दोन वर्षं झाली होती. दर आठवड्याला ती पत्ता आला का हे विचारायला पोस्टात जायची, हात हलवत परत यायची आणि मावशीपाशी बसायची. मावशी तिला चहा करून द्यायची.

"मावशी, थांब. बस जरा."

"काय रे?"

"धाकट्याची विचारपूस," तो म्हणाला, "ती पूर्ण झालीय."

"मग झालंच ना. म्हणून तर बदली केली."

त्याने पुन्हा तोंड उघडलं. ओठांवर येत होती ती सगळी खात्याचीच वाक्यं, एकापेक्षा एक गुळगुळीत, आणि त्यातलं बहुतेक प्रत्येक याच खोलीत पास झालेलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

"मावशी, तो मेला. हे पत्र मेलेल्यांच्याच घरी जातं."

मावशीच्या हातात स्वेटर तसाच राहिला. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं, तिकडे तिने एकदा पाहिलं.

"तुला ठाऊक होतं? मला वाचून दाखवलंस तेव्हा?"

"हो."

"मी माणसाची म्हण म्हटलं, तेव्हाही?"

"हो."

तिने एकदा फाडकन थोबाडीत मारावी, असं त्याला फार वाटलं. तिने स्वेटरची घडी घातली, बाह्या आत दुमडल्या आणि तो मांडीवर ठेवला.

"आणि खालचीचा नवरा?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"दोन वर्षं मी तिला सांगत आले. माझ्या थोरल्याने लिहिलंय म्हटलं, तो खोटं लिहायचा नाही." तिने स्वेटर बाजूला ठेवला. "मागच्या महिन्यात भाऊ न्यायला आला होता तिला. मीच जाऊ दिलं नाही. म्हटलं, पत्ता आला आणि तू इथे नसलीस तर?"

ती उठली. चपला पायात अडकवल्या आणि जिन्याकडे निघाली. थोरला मागोमाग दारापर्यंत गेला. सांगू नकोस, असं त्याला म्हणवेना. सांग, असंही म्हणवेना. शिवणवाली रडली-ओरडली, की शेजारी जमतील, आणि तुम्हाला हे कुणी सांगितलं, हा पहिला प्रश्न येईल. धाकट्यासाठी डोळ्यांत पाणी यायच्या आधी त्याच्या मनात हे आलं होतं, आणि ते त्याला कळलंही होतं.

खाली शिलाई मशीन थांबलं.

"काय हो काकू? हातपाय का गार पडलेत तुमचे?"

थोरल्याने कठडा घट्ट धरला.

"पत्र आलं," मावशी म्हणाली. "धाकट्याची बदली झाली."

"अगं बाई! खरंच? कुठे?"

"पत्ता ठरायचाय अजून."

"ठरेल हो. वेळ लागतो, तुम्हीच सांगता ना." शिवणवाली हसली, तिचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "वाईट वाटून घेऊ नका, पण मला इतकं बरं वाटतंय म्हणून सांगू. एकटीने पोस्टात जायचं म्हणजे जीव नको व्हायचा. आता दोघी जाऊ. सोमवारी येता?"

"येते," मावशी म्हणाली.

तिचा आवाज अगदी सरळ होता. त्यात कुठे काही अडलं नव्हतं.

थोरल्याला हायसं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि त्याने खोल श्वास घेतला. त्यानंतरच त्याला समजलं, की आपल्याला हायसं वाटलंय. खाली जायला दहा पायऱ्या होत्या. शिवणवाली विचारत होती, काकू, चहा टाकू? मावशी म्हणत होती, टाक.

तो दोन पायऱ्या उतरला. मग पुन्हा वर आला आणि आवाज होणार नाही अशा बेताने त्याने दार लावून घेतलं.