दिवेलागणीनंतरचा नंदी

आमच्या इमारतीचं नाव हरितकुंज. झाड म्हणाल तर गेटजवळ एक कण्हेर, तीही बिल्डरने फोटो काढण्यापुरती लावलेली. वाडीच्या पुढे, अमरावती रोडवरून आत, गोदामांच्या मागे आमचं हे घर. शहरात परवडेना म्हणून अंकितने, माझ्या मुलाने, इथे घेतलं. घर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? नळाला पाणी आहे, स्वयंपाकघरात ऊन येतं. नाही ते फक्त माणूस. सकाळी आठच्या आत सगळ्या दारांना कुलपं लागतात. कोणी बुटीबोरीला कामाला, कोणी सिव्हिल लाइन्सला, अंकित तर पार इतवारीला. रात्री दमून येतात, जिन्यात समोर आले तर पायांकडे बघत निघून जातात.

माझा सगळा संसार जुन्या शहरात, इतवारीतल्या भांड्यांच्या गल्लीत झाला. तिथे मला नुसता खोकला आला तरी माझी जाऊ तारा पलीकडच्या खोलीतून ओरडायची, "कौसल्या, काढा घेतला का वं?" इथे मी दिवसभर घसा फोडला तरी ऐकणारा नाही.

म्हणून पोळ्याच्या आधीच मी अंकितला सांगून टाकलं, "पोळा झाला की मले ताराकडे सोडून दे. मी तिथंच राहीन."

"अन् खुशीचं काय?" तो म्हणाला.

खुशी माझी नात, दुसरीत आहे. एकला शाळेची गाडी तिला गेटवर सोडते आणि तिचे आईबाप आठशिवाय घरी येत नाहीत. मी गेले तर सुनेला, दिपालीला, गोदामातली बिलं करायची नोकरी सोडावी लागणार हे मला कळत होतं. ती नोकरी तिने हौसेने धरली होती.

"म्हणजे मी काय कुलूप आहे, घराले लावून ठेवायले?" मी म्हणाले.

दिपाली खाली मान घालून कणीक मळत राहिली. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. तान्ह्या पोळ्याच्या रात्री अंकितने मला पोचवायचं असं ठरलं आणि मी बॅग भरली.

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, लेकरांचा. मुलं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात, घरचे लोक नंदीला ओवाळतात आणि मुलांच्या हातावर खाऊ ठेवतात. त्याला आम्ही बोजारा म्हणतो. आमचा नंदी सागवानी आहे, खुशीच्या कमरेएवढा, खाली चाकं. माझ्या नवऱ्याने लहानपणी ओढलेला, मग अंकितने ओढलेला. त्याच्याबाबत सासूबाईंचे दोन नियम होते. बोजारा मिळाल्याशिवाय नंदी उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, आणि दिवेलागणीनंतर त्याला फिरवायचं नाही, बैल दमतो. इतवारीत चारला निघालेला नंदी दिवे लागायच्या आत ताट भरून परत यायचा, त्यामुळे हे दोन नियम कधी एकमेकांच्या आड आले नव्हते.

इथेही मी चारच्या ठोक्याला नंदी बाहेर काढला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांची माळ. खुशीने परकर-पोलकं घातलं होतं. तिला शाळेला सुट्टी होती, पण गोदामं नि कंपन्या कुठल्या सुट्टी देतात! नंदीला लिफ्टमध्ये घालून आम्ही दोघी सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलो आणि तिथून एकेक मजला खाली उतरत आलो. कुलूप, पुढे कुलूप, त्याच्यापुढेही कुलूप. एका दाराआड कुत्रं भुंकलं. एक दार उघडलं, त्यात झोपेतून उठलेला माणूस उभा होता. "नको नको, काही घ्याचं नाही," म्हणून त्याने दार लावूनही घेतलं. आम्ही काही विकायला आलोय असं वाटलं असेल त्याला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आम्ही तळमजल्यावर आलो तेव्हा ताटात फक्त आमच्याच घरची करंजी होती. खुशी दोरी हातात धरून म्हणाली, "आजी, आपण इतवारीतच काहून नाही राहत? इथं कोणीच नाही."

घर घेतल्यापासून मी हेच तर म्हणत होते. पण तिच्या तोंडून ते ऐकवेना. मी जाणार होते. तिला इथेच राहायचं होतं, ह्या कुलपांमध्ये.

आता पंचाईत अशी की बोजाऱ्याशिवाय नंदी घरात नेता येत नव्हता आणि दिवेलागणीनंतर फिरवता येत नव्हता. त्याला एकटं सोडणंही बरं नव्हतं. शेवटी मी चौकीदाराची प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली आणि पार्किंगमध्ये, जिन्याच्या तोंडाशी, नंदीजवळ बसले. खुशी पायरीवर बसली. इथे राहायला आल्यापासून मी खाली अशी पहिल्यांदाच बसत होते.

दिवे लागले. तो दुपारचा झोपाळू माणूस डबा घेऊन खाली उतरला. नंदी दिसताच जागच्या जागी थांबला आणि त्याने जीभ चावली.

"मावशी, नंदी आणला होता का तुम्ही? मले वाटलं, सेल्सवाले आले. रात्रपाळी असते माही, डोळेच उघडत नव्हते." त्याचं नाव गिरिधर, काटोलकडचा. डबा खाली ठेवून त्याने नंदीला हात जोडले, मग डब्यातली पुरणपोळी काढून अर्धी खुशीच्या हातावर ठेवली. "गावी माह्या पोरानं नेला असंन आज त्याचा नंदी," तो म्हणाला आणि नंदीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याला न्यायला आलेली गाडी गेटवर हॉर्न वाजवत होती.

बोजारा मिळाला, आता नंदी घरात नेता आला असता; पण तेवढ्यात मोटरसायकली येऊ लागल्या. लोक हेल्मेट काढायचे, नंदी बघायचे, आणि दमलेलं तोंड एकदम सैल व्हायचं. कोणी बिस्किटाचा पुडा ठेवला, कोणी पिशवीतली दोन केळी. तिसऱ्या मजल्यावरची भावना स्कूटरवरून उतरली, ती दवाखान्यात नर्स आहे. ती सरळच म्हणाली, "मावशी, आम्ही बौद्ध आहो, पूजा नाही करत. पण लेकराले खाऊ देऊ ना?"

"दे ना वं. खाऊले कोण नाही म्हणते!"

तिने पर्समधून चॉकलेट काढून खुशीला दिलं आणि तिच्या पोलक्याच्या नाड्या नीट बांधून दिल्या. "तू दुपारी एकटी खेळते ना गॅलरीत? सुट्टीच्या दिवशी पाहाते मी तुले," ती म्हणाली. मला वाटत होतं, आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

इतक्यात पहिल्या मजल्यावरून एक बाई कठड्यावरून वाकली. "काकू, मी ताट केलं ओवाळाचं. वर आणता का नंदी? माह्या सासूबाईले गुडघ्यानं उतरता येत नाही."

खुशीने दोरी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. नियम तिला पाठ होता.

बाहेर काळोख पडला होता. मी मनातल्या मनात सासूबाईंना म्हणाले, सासूबाई, तुमच्या गल्लीत माणसं चारला घरी असायची. इथली माणसं दिवे लागल्यावर घरी येतात, मग नंदीने कोणाकडे जायचं? त्या काही बोलल्या नाहीत. जिवंत असत्या तर बोलल्या असत्या, तेही खरं.

"चल," मी खुशीला म्हणाले. "बैल दमला तर दमला. माणसंही दमूनच आली आहेत."

पुन्हा लिफ्टमध्ये नंदी, मी आणि खुशी. पण आता दारं उघडी होती. आतून फोडणीचा वास येत होता, टीव्ही चालू होते, कोणी अजून ऑफिसच्या कपड्यांतच होतं. घुंगरं वाजली की पुढचं दार आपोआप उघडायचं. गुडघेवाली म्हातारी तर मला सोडेचना. "सून बाहेरून कुलूप लावून जाते, दिवसभर आत एकटी असते मी, वरून पाहातच राहाते. तुम्ही एवढ्या जवळ राहता अन् मले कळलंही नाही," ती म्हणाली. मला तरी कुठे कळलं होतं?

अंकित आणि दिपाली आले तेव्हा आम्ही आमच्या दाराशी पोचलो होतो. खुशीच्या ताटात करंजी कुठे होती ती दिसत नव्हती. अंकित इतवारीहून मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीतून वाट काढत आला होता, चेहरा उतरलेला. त्याने खुशीकडे पाहायचं टाळलं.

"आई, बॅग खाली नेऊ का?" तो म्हणाला.

"नेऊ नको. इकडे आण."

त्याने आणली. मी उंबऱ्यातच बसून ती उघडली आणि वरचं जुनं लुगडं काढलं. सासूबाईंचं आहे ते, वर्षभर नंदी त्यातच गुंडाळून ठेवतात. नंदीही मी सोबत घेऊन जाणार होते हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. खुशीने ते लुगडं ओळखलं आणि दोरी घट्ट धरली.

"सोड वं, गुंडाळू दे," मी म्हणाले. "अंकित, आतल्या सज्ज्यावर ठेव त्याले, पुढेच, हाताशी येईल असा. पुढच्या वर्षी आठला काढाचा. चारले काढून काही उपयोग नाही इथं."

दिपालीने हातातली पिशवी खाली ठेवली आणि लुगड्याचं दुसरं टोक धरलं.

खुशीने विचारलं, "अन् आजी, तू?"

"मी काय? मले काय सज्ज्यावर ठेवता का?" मी म्हणाले. "पाणी दे आधी. त्या म्हातारीनं बोलवलं आहे उद्या दुपारी, तुले घेऊन."