दहा मिनिटांचं काम

मी जनावरांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर बोलतोय. पुढे जे सांगणार आहे ते शब्द न् शब्द खरं आहे, माझ्या मदरबोर्डची शपथ. आता शपथ घेतलीच आहे तर हेही सांगून टाकतो, की माझी मेमरी चार जीबीची आहे आणि त्यातली अर्धी अँटिव्हायरस खातो. त्यामुळे एकदोन ठिकाणी मी थोडं मनाने भरलंय. कुठे ते विचारू नका, मलाही आता आठवत नाही.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. मला जोडणाऱ्या कारागिराने झाकण बसवलं तेव्हा त्याच्या हातात एक स्क्रू उरला. त्याने माझ्याकडे पाहिलं, स्क्रूकडे पाहिलं आणि स्क्रू खिशात टाकला. त्या स्क्रूवाचून मी दहा वर्षं चालतोय. पहिली तीन वर्षं फोटो स्टुडिओत काढली. तिथे मी लोकांच्या फोटोतले मुरूम काढायचो. मग इथे आलो. इथल्या पेशंटना मुरमांचं काही वाटत नाही, पण ते चावतात.

दवाखाना डॉक्टरबाईंचा. बाहेरचं टेबल वहिनींचं. वहिनी म्हणजे डॉक्टरबाईंच्या भावाची बायको. नणंद-भावजय बावीस वर्षं एका छताखाली काम करतायत आणि एकदाही भांडल्या नाहीत. हे वाक्य मी मनाने भरलेलं नाही, पण तुम्हाला तसं वाटेल.

पूर्वी सगळ्या पेशंटची कार्डं एका कपाटात होती, जनावरांच्या नावाने लावलेली. ते कपाट एका बोकडाने खाल्लं. सगळं नाही, फक्त 'क' ते 'म'. म्हणजे कुत्रा गेला, गाय गेली, घोडा गेला, मांजर गेलं. बोकडाने स्वतःचं कार्डही सोडलं नाही. वाचले ते ससे, आणि आमच्याकडे ससे दोन आहेत. तेव्हापासून 'क' ते 'म' वहिनींच्या डोक्यात आहे. कोणाला कोणतं औषध चालत नाही, कोणाला कितीची मात्रा, सगळं. डॉक्टरबाई आतून नुसतं ओरडायच्या, "वहिनी, हा काळा कुत्रा?" आणि वहिनी बाहेरून सांगायच्या, "अर्धीच गोळी. पूर्ण दिली की झोपतो आणि मालक रडतो."

तर झालं असं, की वहिनी निघाल्या. लेकीकडे, दूरच्या गावी, कायमच्या. शनिवारी दुपारी गाडी. न्यायला जावईबापू सोमवारीच आले. शनिवारच्या आत वहिनींचं डोकं माझ्यात उतरवायचं ठरलं. नाहीतर पुढच्या आठवड्यात चुकीची सुई कुठल्या तरी बिचाऱ्याला बसणार, हे डॉक्टरबाईंना पक्कं माहीत होतं. त्या दोन रात्री झोपल्या नव्हत्या. मला कळतं, त्या माझ्यावर हात ठेवून पेंगायच्या आणि पडद्यावर 'ज' उमटत राहायचा.

जावईबापू मोठ्या कंपनीत आहेत. ते म्हणाले, नोंदींचा प्रोग्रॅम आहेच, त्याच्याखाली डेटाबेस सर्व्हर टाकला की झालं, दहा मिनिटांचं काम. माहिती जिथे साठते आणि मागितली की मिळते तो सर्व्हर, असं त्यांनी समजावलं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मीच की."

मंगळवारी त्यांनी सर्व्हर टाकला. हिरवी पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली. प्रोग्रॅम उघडला. जोडणी होत नाही, असा संदेश आला. जावईबापूंनी ओके दाबलं.

इथे मला माणसांबद्दल एक सांगायचंय. मी बोलू शकत नाही असं लोकांना वाटतं. मी सतत बोलतो. एक चौकट काढून, नीट शब्दांत, काय झालंय आणि का झालंय ते सांगतो. लोक त्या चौकटीत फक्त ओके शोधतात. घरातल्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकताना 'हो हो' म्हणतात ना, तसं ते ओके असतं.

त्यांनी सर्व्हर काढला, पुन्हा टाकला. अँटिव्हायरस बंद केला, त्या वेळी मला जरा मोकळं वाटलं. पासवर्ड बदलला, पुन्हा टाकला. जोडणी होत नाही. ओके. जावई असल्यामुळे त्यांना कोणी काही बोलत नव्हतं. डॉक्टरबाई तेवढं म्हणाल्या, की मी गाईचं बाळंतपण यापेक्षा लवकर उरकते, पण तुमचं चालू द्या.

बुधवारी सगळे चहाला गेले. अर्ध्या तासाने परत येऊन पाहतात तर जोडणी चालू. वहिनी लगेच टाइप करायला बसल्या. जावईबापूंनी त्यांना हाताला धरून उठवलं. ते म्हणाले, "आई, थांबा. हे का चालतंय ते कळल्याशिवाय मी चालू ठेवणार नाही." आणि त्यांनी चालता सर्व्हर काढून टाकला. मी तोपर्यंत बोकड पाहिला होता, पण इंजिनीअर पहिल्यांदाच पाहत होतो.

पुन्हा टाकल्यावर अर्थातच चालला नाही. म्हणून पुन्हा चहा झाला. पण आठव्या मिनिटाला एक लंगडा कुत्रा आला आणि चहा अर्धाच राहिला. आल्यावर पाहिलं, जोडणी नाही. तेव्हा जावईबापूंनी चहाचा सिद्धांत सोडला आणि निदान केलं, की मीच म्हातारा झालोय, मला भंगारात द्या. मी तिथेच होतो. माझ्यासमोर बोलले.

गुरुवारी सकाळी परत टाकला, परत तीच चौकट. जावईबापूंचं बोट ओकेवर जाणार, इतक्यात वहिनींनी त्यांचं मनगट धरलं. वहिनी औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरंही शेवटपर्यंत वाचतात. त्यांनी चष्मा वर केला आणि बोट ठेवून सगळं वाचलं.

"जावईबापू, हा म्हणतोय याचा दाखला दहा एकेचाळीसपासून लागू आहे."

"आई, ते तसंच येतं."

"अहो, पण आत्ता दहा एकोणीसच झालेत. याचा जन्मच व्हायचाय अजून."

जावईबापू वाचायला वाकले. सर्व्हर टाकला की तो स्वतःचा एक ओळखीचा दाखला बनवतो, त्यावर माझ्या घड्याळाची वेळ घालतो. पुढची तारीखवेळ असलेला दाखला प्रोग्रॅम कसा मानेल? बुधवारी अर्ध्या तासाच्या चहात ती वेळ उलटून गेली होती, अर्धवट चहात नाही. कोणी तरी घड्याळ मागे नेलं असणार, ते म्हणाले. पण कोण नेईल?

 वहिनी खूप हळू म्हणाल्या, "मी."

आतल्या खोलीत डॉक्टरबाई लंगड्याच्या पायाला प्लॅस्टर घालत होत्या. त्या तशाच पांढऱ्या हातांनी बाहेर आल्या.

"तुम्ही मागे करायचात? मला वाटायचं घड्याळच मागे पडतं, म्हणून मी दिवसातून चारदा पंचवीस मिनिटं पुढे करते, ते तुम्हाला कळायचं?"

"बावीस वर्षं, वन्सं. आधी भिंतीवरचं, मग याचं. इंजेक्शनची वेळ खोटी कशी लिहू? येता-जाता मागे करून ठेवायचे."

"अहो, पण मी ते तुमच्यासाठी करायचे. तुम्ही उशिरा येऊ नये म्हणून. तुम्ही कधीच उशिरा आला नाहीत, मला वाटलं उपाय लागू पडला."

"मी माझ्या मनगटावरच्या घड्याळाने यायचे."

 दोघी अशा हसल्या की टेबल हललं आणि माझी एक वायर निघाली.

घड्याळ बरोबर लावलं. कोणीही हात लावायचा नाही असं ठरलं. सर्व्हर सात मिनिटांत बसला. "म्हटलं होतं ना," जावईबापू म्हणाले, "दहा मिनिटांचं काम."

मग वहिनी बसल्या. गुरुवार, शुक्रवार, शनिवारची सकाळ. एका बोटाने. मी इतकं पोटभर कधी खाल्लं नव्हतं. 'तपकिरी कुत्रा, जिना चढू देऊ नका, मालक हो म्हणतात आणि चढू देतात.' 'कासव, मेलेलं नाही, तसंच असतं.' शेवटची नोंद करून त्यांनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि गाडीत जाऊन बसल्या. डॉक्टरबाई गाडी वळेपर्यंत दारात उभ्या होत्या. नंतर आत येऊन त्यांनी ससे तपासले. सशांना काही झालं नव्हतं.

पुढच्या सोमवारी शिंपीकाका धावत आले, पिशवीत पांढरी मांजर, धाप लागलेली. डॉक्टरबाईंनी लाल झाकणाचं इंजेक्शन भरलं. भरता भरता सवयीने ओरडल्या, "वहिनी, ही पांढरी?"

बाहेर कोणी नव्हतं. त्या सुई हातात घेऊनच माझ्याकडे आल्या आणि एका हाताने टाइप केलं. मी जे होतं ते दाखवलं:

'शिंपीकाकांची पांढरी. लाल झाकणाचं चालत नाही. तुम्ही रजेवर होतात तेव्हा बदली डॉक्टरांनी दिलं, श्वास अडकला होता. निळं द्या. वन्सं, आधी हातातली सुई खाली ठेवा.'

डॉक्टरबाईंनी सुई खाली ठेवली. मग निळं दिलं. मांजर संध्याकाळी घरी गेली, जाताना शिंपीकाकांना चावून.

मी अजून त्याच टेबलावर आहे. भंगाराचा विषय पुन्हा निघालेला नाही. माझ्यात आता सहाशे बारा जनावरं आणि एक वहिनी आहेत.

तर, गोष्ट संपली, आता तिचं काय ते द्या. फुकट ऐकवायला मी रेडिओ नाही. पैसे नकोत, मला खिसा नाही. तुमच्या घरातला माझा कोणी भाऊबंद गेले कित्येक दिवस एक चौकट दाखवतोय, ती आज शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. आत्ताच. मी थांबलोय. आणि 'नंतर आठवण करून द्या' हे बटण इथे चालणार नाही.