डाव्या आरशाचा भाव

उसाच्या ट्रॉलीनं गाडीचा डावा आरसा उडवला, तेव्हा रेश्माच्या डोळ्यांपुढं आली ती किल्ली. गाडी सासऱ्यांची, म्हणजे सुभेदार नाथाजींची. तिचं पलूसचं ब्लाउज शिवायचं दुकान चालायला लागलं, तेव्हा त्यांनी किल्ली दिली होती. पण अट घालून. "गाडीला काय बी झालं, की किल्ली माझ्या खिशात. मग बस यष्टीत."

सध्या सुभेदार फौजेतल्या मित्राच्या घरच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते. रविवारी परतणार होते.

"रडू नगंस," सासूबाई म्हणाल्या. बनुबाईंना सुभेदारांची भीती कधीच वाटली नव्हती. त्यांनी त्यांना गंजीफ्रॉकात पाहिलं होतं. "त्येंच्या आदी आरसा बसवून मोकळं हू."

कुंडलहून दोघी सांगलीला निघाल्या. डाव्या बाजूला आरसा नाही म्हणून बनुबाईच मान बाहेर काढून बसल्या. "मागं टेंपो हाय. थांब, थांब... गेला मुडदा. घे आता."

शोरूममध्ये गार वारा, मऊ सोफा आणि न मागता कॉफी. काउंटरवर टाय लावलेला विश्वजित.

"क्लेम की कॅश, मॅडम?"

"म्हंजी?" बनुबाईंनी विचारलं.

"क्लेम म्हणजे विमा कंपनी पैसे भरते, आजी. तर नऊ हजार. कॅश दिलीत तर सातात बसवू."

"आन् आरसा?"

"आरसा तोच."

रेश्माला क्लेम चालणार नव्हता. ओटीपी थेट साताऱ्यात, सासऱ्यांच्या मोबाईलवर वाजला असता. पण बनुबाईंचं लक्ष आता भलतीकडंच लागलं होतं. त्यांचा बाप हळद पिकवणारा. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे, ते त्यांनी लहानपणी पाहिलेले. त्यांनी पदर पसरून विश्वजितच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. "हां, बोल."

विश्वजित शॉक बसल्यासारखा मागं सरला. "आजी! इथं सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"रुमालाखाली एका टायमाला एकच भाव असायचा, बाबा. तुझ्या कॉम्प्युटरखाली दोन निघालं. आरसा बगून भाव करतोस, का माणूस बगून?"

"सातात काय काय आलं?" रेश्मानं मध्येच विचारलं.

"आरसा, फिटिंग आणि इतर."

"इतर म्हणजे?"

विश्वजितची नजर नकळत कॉफीच्या मशीनकडं गेली. बनुबाईंनी कप अर्ध्यावर खाली ठेवला. "ऊठ, रेश्मा. आजून एक घोट घेतला तर आठ हुतील."

इस्लामपूरचं शोरूम त्याच कंपनीचं. पण सोफ्याच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कॉफीच्या जागी माठ. काउंटरवर बसलेले आप्पासो आरशाचं नाव काढायच्या आधीच म्हणाले, "गाव कंचं?"

"कुंडल."

"कुंडलात कुणाच्यातल्या?"

चौकशी पुढं सरकत गेली. आप्पासोंची मामेबहीण बनुबाईंच्या शेजारच्या घरात दिलेली निघाली; तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू बनुबाईंनीच वळले होते.

"आवं, मग पाव्हण्याच की तुमी! साडेपाच द्या. फिटिंग आमच्याकडनं. आन् जेवल्याबिगार जायचं न्हाई."

खोका तोच, त्यावरचा नंबर तोच.

"आन् मी पाव्हणी नसते तर?"

आप्पासो सरळ मनाचा माणूस. "तर साडेसहा," म्हणाले.

परतीच्या वाटेवर बनुबाई मान आत ठेवून ऐटीत बसल्या. "सांगलीत खिसा बगत्यात, हितं सोयरीक बगत्यात. आरसा कोन बगतंय?"

"आत्ती, पण मामांना कळलं तर?"

"कशानं कळंल?"

रविवारी संध्याकाळी सुभेदारांनी परेडची पाहणी करावी तशी गाडीभोवती फेरी मारली आणि डाव्या आरशाशी थांबले. आरशावर कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं. ते काढायचं रेश्माच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही, हा घरचा कायदा आणि तो सुभेदारांचाच. गाडी घेतल्यापासून सीटवरचं निघालं नव्हतं. उन्हाळ्यात सगळं घर गाडीतून सोलून निघाल्यागत उतरायचं.

सुभेदारांनी हात पुढं केला. "किल्ली."

रेश्मानं किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. दुकानात लग्नाचे ब्लाउज पडून होते. आता कापडाचे गठ्ठे घेऊन एस्टीत उभं राहायचं होतं.

"ठिवा खिशात," बनुबाई म्हणाल्या. "पर आदी सांगा, उजवा आरसा गेल साली साताऱ्यात बसवलासा, त्यो कितीला?"

"कंपनीचा भाव ठरल्याला असतो. फौजी मानूस घासाघीस करत न्हाई."

"कितीला, म्हनलं."

"...अकरा."

"आमी साडेपाचला आनला. वर जेवूनबी आलो."

सुभेदारांच्या मिश्या जागच्या हलल्या. फौजीला कुणाचा बाप फसवत नाही, हे त्यांनी वर्षभर पारावर ऐकवलं होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या कोंडीबाचं डोकं वर आलं.

"काय झालं वं, सुभेदार?"

"सांगू का?" बनुबाईंनी हळूच विचारलं. सुभेदारांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यांनी तो दोघांच्या हातांवर टाकला. खाली कुठली बोटं दाबली गेली, ते रेश्माला दिसलं नाही. सुभेदारांचं तोंड आधी लाल झालं, मग पडलं. टॉवेल निघाला तेव्हा किल्ली बनुबाईंच्या मुठीत होती. त्यांनी ती सुनेकडं फेकली.

"आवं, काय झालं?" कोंडीबा टाचा उंचावून बघत होता.

सुभेदार आरशाकडं वळले आणि नखानं कोपरा उचलू लागले. "काय न्हाई रं, कोंडीबा. नव्या आरशाचं प्लास्टिक काढतोय."