पट्टी बांधलेली गाडी

"सुपाला चव नाही, आणि डोक्यावर ही खरखर," बाब्चा आजी पुटपुटली. "छप्परच काढून नेतोय की काय हा मेला?"

"खा मुकाट्यानं," टेक्ला म्हणाली. तिने सासूच्या बीटच्या सुपात आणखी एक चमचा आंबट साय घातली. "छप्पर आत आलं तर कुठे बसून प्याल सूप?"

"तीन हिवाळे झाले. बोलावतं कोण त्याला?"

कुणीच नाही. सरोवरावरून वारा सुटला, बर्फ गुडघ्यावर गेला, की गावातला काझिक लांब दांड्याचं फावडं घेऊन हजर होई. अंगणात उभा राहून छपरावरचं ओझं ओढून खाली पाडी आणि चहालाही न थांबता निघून जाई. आज मात्र वाऱ्याने त्याला दोनदा आडवा पाडला, तेव्हा टेक्लाने बाहेर जाऊन बाहीला धरूनच त्याला आत आणलं.

तो दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसला. भिंतीवर टेक्लाच्या नवऱ्याचा, फेलिक्सचा फोटो होता. काझिक जमिनीकडे बघत होता.

"म्हणे तीन मैलांवर ऊन पडलंय," बाब्चा म्हणाली. "आमच्याच बोडक्यावर सगळं. माझा फेलिक्स गेला तेव्हाही असंच होतं."

टेक्लाने काझिकपुढे वाडगा ठेवला. असंच होतं, खरं. रस्त्यावरच्या गाड्या बर्फात बुडाल्या होत्या आणि गावच्या अग्निशमन दलाचे स्वयंसेवक एकेक गाडी तपासत फिरत होते. आत बघायचं, कुणी नसेल तर आरशाला पिवळी पट्टी बांधायची. पट्टी असलेल्या गाडीकडे मग पुन्हा कुणी जात नसे. फेलिक्सची गाडी दुसऱ्या दुपारी उकरून काढली, तेव्हा तिच्या आरशाला पट्टी होती आणि आत फेलिक्स होता.

चौकशी झाली. एवढ्या वादळात कुणी काय बांधलं, कुणालाच आठवेना. टेक्लानेही एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. शेवटच्या फोनवर फेलिक्स हसत म्हणाला होता, "आलं बघ कुणीतरी. आरशाशी खुडबुड चाललीय. ठेवतो, काच वाजवतो." अजूनही वारा सुटला की भांडी घासताना तिचा हात थांबे, आणि ती काच वाजण्याची वाट बघत राही.

काझिकचा फोन वाजला. त्याने उचलला आणि ऐकत राहिला. पलीकडचा अग्निशमन दलाचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की बाब्चालाही कळलं: महामार्गावर गाड्या अडकल्यात, माणसं कमी पडतायत.

"मला नाही जमणार," काझिक म्हणाला आणि फोन पालथा ठेवला.

"का रे?" बाब्चा खवळली. "म्हाताऱ्या बायकांचं सूप प्यायला जमतं?"

"ते काम सोडलं मी, बाब्चा."

"कधी?"

त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. त्याने चमचा खाली ठेवला. बाब्चाने सुनेकडे पाहिलं.

टेक्ला उठली. शेगडीजवळ वाळत घातलेले त्याचे हातमोजे तिने आणले, उलटे झालेले अंगठे सरळ केले. मग त्याच्यासमोर वाकून एकेक त्याच्या हातात चढवला, पोराला शाळेत धाडताना चढवावा तसा. तो तिच्याकडे बघू लागला. तिचे डोळे कोरडे होते.

"जा," ती म्हणाली. "आणि या वेळी काच पुसून आत बघ."