माथ्यावरचा गोटा

पिशवीचं सील कापून दगडबाईंनी आतला नमुना टेबलावर ओतला, तर तो घरंगळत थेट कडेपर्यंत गेला. त्यांनी तो पडता पडता पकडला आणि समोर बसलेल्या गिर्यारोहकाकडे चष्म्यावरून पाहिलं.

"हा माथ्यावरचा?"

"अगदी माथ्यावरचा, वहिनी."

दगडबाई हे नाव प्रयोगशाळेनं ठेवलेलं. तोंडावर कुणी घेत नसे, पाठीमागे सगळेच घेत. आजवर कुणीच न गाठलेलं ते शिखर या माणसानं खरंच गाठलं का, हे समिती बाईंच्या अहवालावरून ठरवणार होती. तो एकटाच गेलेला, फोटोत नुसतं धुकं. पुरावा काय तो हा दगड.

आणि दगड तर असा! तो माथा म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ. हिमनदीनं खाली आणलेल्या तुकड्यांवरून बाईंनीच ते शोधलं होतं: पिवळसर चुनखडी, तिच्यात शिंपल्यांचे ठसे, थंडीनं तडकून प्रत्येक तुकड्याला धार. हा मात्र करडा आणि गुळगुळीत, अगदी गोटा. दगड गोल होतो तो वाहत्या पाण्यात. जिथं पाणी बारा महिने गोठलेलं, तिथं गोटा कुठला?

पुष्कळ वर्षांपूर्वी हाच माणूस बाईंच्या नवऱ्याबरोबर त्याच शिखराच्या मोहिमेवर गेला होता. वरच्या तंबूत त्याला विरळ हवा बाधली, म्हणून नवरा एकटाच पुढं निघाला. दुपारी ढग उतरले, वादळ झालं, आणि खाली परत आला तो हा एकटाच. 'शेवटच्या कड्याच्या वर तो पोचलाच नसणार,' असं यानंच सगळ्यांना सांगितलं होतं. बाईंनी ते ऐकून घेतलं, पण त्यांच्या मनाला कधी पटलं नाही. आज चोर आयता हाती लागल्यासारखं त्यांना वाटलं. त्या आनंदाची थोडी लाजही वाटली.

"उचललात कुठून, भाऊजी?"

"सगळा बर्फच होता. कुऱ्हाडीनं खरवडला, तर हा एकच हाताला लागला. दोन-दोन हातमोजे, त्यात वारा उभं राहू देईना. न बघताच पिशवीत टाकला."

"न बघताच. बरं."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही, वहिनी."

"विश्वासाचं काय घेऊन बसलात? कापून बघू या की."

बाईंनी गोटा करवतीच्या पकडीत आवळला आणि यंत्र सुरू केलं. पाण्याची धार पडली, धूळ वाहून गेली, आणि करड्याखालून गडद हिरवा रंग वर आला, त्यात पांढऱ्या शिरा. पातं टेकायच्या आत त्यांनी यंत्र बंद केलं.

असे गोटे त्यांना एकाच ठिकाणी भेटले होते: लग्नानंतरच्या पहिल्या घरामागच्या ओढ्यात. मोहिमेवर निघताना नवरा तिथला एक खिशात टाकायचा आणि माथ्यावर ठेवून यायचा. थोरामोठ्यांकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणायचा. बरोबरचे हसतील म्हणून त्यांना मात्र सांगायचा नाही. बाई वैतागायच्या, "अरे, उद्या एखादा भूशास्त्रज्ञ तिथं गेला तर डोकं धरून बसेल!"

त्या खरोखरच डोकं धरून बसल्या. खोटं बोलणाऱ्यानं चुनखडी आणली असती. ती काय, पायथ्याशी ढिगानं मिळते.

"काय झालं, वहिनी?"

"तुम्ही माथ्यावर गेला होतात. तसं लिहून देते."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला.

"पण पहिले नाही, भाऊजी. हा गोटा आमच्या ओढ्यातला आहे. ह्यांनी नेलेला."

तो ओल्या गोट्याकडं बघत राहिला. जन्मभराच्या धडपडीवर पाणी पडलं होतं. पण त्याच्या ओठांवर आलं ते वेगळंच.

"आणि मी इतकी वर्षं सांगत फिरलो, की तो कड्याच्या वर..."

"असू दे." बाईंनी चष्मा काढून ठेवला. "एवढंच सांगा. वर जरा टेकायला जागा आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "एका माणसापुरती."