तांबड्या अक्षरांचा अपराध

“पाठ भिंतीकडे, पानांची कड आपल्याकडे. हलक्या हातानं गं, अर्सुला!” पुस्तके फळीवर लावताना लेकीला असे बजावणारा लॅम्बर्ट थर्कल यांचा आवाज अजून माझ्या पानांत आहे.

मित्रांनो, मी ग्रहणांचे गणित सांगणारा एक जुना हस्तलिखित ग्रंथ. मठातल्या एका साधूने मला वासराच्या कातड्यावर लिहिले. प्रत्येक प्रकरणाचे पहिले अक्षर तो तांबड्या शाईने काढी, आणि त्याआधी हात जोडी. पुढे राजाने पोपशी फारकत घेऊन मठ मोडले. माझ्या भावंडांच्या पानांत लोणी बांधले गेले. मी नॉरिच गावच्या एका खाटकाकडे धूळ खात पडलो होतो. तिथून लॅम्बर्टनी मला उचलले.

अशी अनाथ पुस्तके ते जन्मभर घरी आणत राहिले. शेजारीण म्हणे, “थर्कलसाहेब, आता जेवायला बसायचं कुठे?”

“उभ्यानं जेवू!”

शेवटच्या दुखण्यात त्यांनी लेकीचा हात धरला. “पोरी, यांची ताटातूट करू नकोस. सगळी केंब्रिजला, माझ्या कॉलेजात पोचव.”

“पोचवते, बाबा.”

पण राजा आणि पार्लमेंट यांची लढाई जुंपली, रस्ते बंद झाले. एके सकाळी चर्चचे कारभारी हेवलेट माणसे घेऊन, पोपच्या पंथाची बंदी घातलेली पुस्तके हुडकत घरात शिरले. त्यांनी मला उघडले.

“तांबडी अक्षरं! ही पोपचीच पूजेची पोथी.”

“अहो, ग्रहणाचं गणित आहे ते,” अर्सुला म्हणाली.

“मग ही वर्तुळं कसली? भुतं उतरवायची?”

“चंद्राची वाट आहे ती.”

“बाई, चंद्राला त्याची वाट ठाऊक आहे. तुमच्या बाबांनी दाखवायला नको!” सगळे खो खो हसले.

तांबडे अक्षर दिसेल ते पुस्तक चर्चच्या आवारातल्या आगीत गेले. ज्यांत तांबडे नव्हते, तीही मागोमाग आली. आमच्या संगतीत बिघडली म्हणे. कातडे लवकर जळत नाही, आक्रसते. त्यामुळे मला शेवटपर्यंत सगळे ऐकू येत होते.

माणसे जेवायला गेल्यावर अर्सुलाने चुलीच्या चिमट्याने राख उपसली. मी तेवढा हाती लागलो, तोही अर्धा.

मित्रांनो, जे वाचता येत नाही ते जाळण्याआधी कुणाला तरी विचारा. देवाचे नाव घेऊन पेटवलेली ती आग देवाला कशी पाहवली असेल, मला कळत नाही. माझे गणित आता कुणालाच सोडवता येणार नाही.

रस्ते मोकळे झाले तशी अर्सुलाने मला लोकरीच्या शालीत बांधले.

शेजारीण म्हणाली, “अगं, एका जळक्या पुस्तकासाठी केंब्रिजपर्यंत?”

“बाबांना सगळी पोचवते म्हणाले होते. आता सगळी म्हणजे एवढीच.”

तिने दार ओढून घेतले आणि ती चालू लागली.