मौन आणि मणका

"नेम मोडायचा नाही. माणूस मोडलं तरी चालेल," आई म्हणायची. तिचं बोलणं मी इतकं मनावर घेतलं, की पाठ मोडत आली तरी दुपारपर्यंतचं मौन काही सोडलं नाही.

पाठ दुखू लागली तेव्हा वाटलं, जपाला बसून अवघडली असेल. ताप आला तेव्हा वाटलं, साधनेचं तेज अंगात मुरतंय. एवढी मोठी योगिनी घरात असून कुणी पाया पडत नाही, याचंच थोडं वाईट वाटलं. पण एका सकाळी डावा पाय चपलेत गेला की नाही, तेच कळेना. "आई, आता तुमचं एक ऐकायची नाही," म्हणत सुनेने मला गाडीत घातलं.

डॉक्टर तरुण मुलगी. ती कण्यावरून बोटांनी ठोकत खाली आली. एका मणक्यावर मी ओरडले. म्हणजे, तोंड मिटून ओरडले.

"मधुमेह आहे? कुठे जखम, इंजेक्शन, दाताचं काही?"

मी बोटांचा गोल करून बगलेकडे दाखवला.

"अंडं?" नर्सने विचारलं.

जन्मात अंड्याला हात लावला नव्हता मी! जोरजोरात मान हलवली, मग काहीतरी फुटल्याची खूण केली.

"अंडं फुटलं," नर्स म्हणाली.

"आई, बोला ना!" सून कळवळली. "पाय जाईल, मग बसा मुक्याने!"

"मावशी, तिथे पू झाला असेल तर उशीर परवडणार नाही," डॉक्टर म्हणाली. "देवाची माफी मी मागते."

"गळू," मी म्हणाले. "बगलेत झालं होतं. दाबून फोडलं. मग पाठ धरली."

रक्त तपासलं, एमआरआय झाला. गळवातले जंतू रक्तातून कण्यापर्यंत पोचले होते. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर पू साठून त्याचा दाब पडत होता. पाठदुखी, ताप आणि पायातली ताकद किंवा संवेदना जाणं, ही तिन्ही लक्षणं एकत्र क्वचितच दिसतात, म्हणून निदान चुकतं, असं डॉक्टरने सांगितलं. माझ्याकडे तिन्ही होती. तरीही निदान चुकवायला मी एकटी पुरेशी होते.

ऑपरेशनला नेताना सून स्ट्रेचरला धरून चालत होती. "पाय राहिले, तर पहिली पावलं माझ्याकडे. देवाकडे नंतर."

"बरं."

"नक्की?"

"नेमच समज."

पू निघाला. औषधांच्या सलाइनी चालू राहिल्या. काही दिवसांनी सकाळी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला उभं केलं. डावा पाय जड होता, पण फरशीचा गारवा कळला. देवाची तसबीर हाताशीच, खिडकीत ठेवलेली. सून पार दाराजवळच्या खुर्चीत पेंगत होती.

बाईंनी कमरेला आधार दिला. मी वॉकर दाराकडे वळवला.